रोजची वाटीभर भाजी

पाऊस लागला की शाळेतून घरी येताना सुनीतीबाईंची नजर वाटेच्या कडेच्या रानभाज्यांवरच असायची. टाकळा कोवळा आहे का, कुर्डू वर आला का. पिशवीत पहिलीच्या मुलांच्या वह्या आणि वह्यांवर ओला पाला. तोंडवलीतल्या कितीतरी मुलांना आपली वही हिरव्या डागासकट परत मिळे.

गेल्या वर्षी बाईंचा पाय मोडला. प्लास्टरात पडून राहिलेल्या त्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरली. ती विरली, पण पुन्हा धरू नये म्हणून मालवणच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी लावून दिली, शिवाय महिन्याला रक्ततपासणी. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा विश्राम तेव्हाच म्हणाला होता, "आये, तपासणीत काय बिघडला तर मी तुका हय ठेवूचंय नाय."

निवृत्तीला दोन वर्षं होती. पहिलीचा वर्ग टाकून मुंबईत लेकाच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर करायचं काय, हा विचार बाईंना पायाच्या दुखण्याहून जड वाटे.

उन्हाळाभर सगळं सुरळीत होतं. श्रावण लागला, घरातले मासे बंद झाले आणि बाईंची चूल पालेभाज्यांनी भरली. त्यात त्यांच्या मनाने घेतलेलं, की पाला खाल्ला की रक्त साफ होतं. मग दोन्ही वेळेला भाजी. गोकुळाष्टमीच्या आंबोळ्यांबरोबर तर शेवग्याच्या, म्हणजे शेगलाच्या, पाल्याची परातभर भाजी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तुळसाला सोबत घेऊन त्या तपासणीला गेल्या.

डॉक्टरांनी कागदावरून डोळे वर केले. "बाई, रक्त दाट झालंय. गोळ्या चुकवल्यात का?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. मुलांचं खोटं पकडण्यात हयात गेलेली. आज आपल्यालाच कुणी असं विचारलं, तेव्हा कान तापले.

"मग खाण्यात काही बदल?"

बाई 'नाही' म्हणणार, तोच तुळसा पुढे सरकली. "बदल? ह्या बायेन शेगलाचा अर्धा झाड पोटात घातल्यान हा, डॉक्टर! आमच्या शेळयेक पालो ठेवूक नाय!"

डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. "हे मीच आधी विचारायला हवं होतं. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व असतं. रक्त गोठायला ते मदत करतं आणि तुमची गोळी नेमकं त्याच्या उलट काम करते."

"म्हणजे भाजी बंद?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"मुळीच नाही. बंद केलीत तर रक्त भलतंच पातळ होईल. खा, पण रोज सारखीच. एक वाटी म्हणजे एक वाटी, बारा महिने. गोळी मी त्या हिशोबाने ठरवतो. दोन आठवड्यांनी पुन्हा या."

परतीच्या एसटीत बाई बोटांवर दिवस मोजत होत्या. गणेश चतुर्थीला विश्राम येणार होता.

तो आला. आईच्या पानात रोज भाजीची एकच पितळी वाटी पाहून त्याने कारण विचारलं आणि बाईंनी तपासणीचं सगळं सांगून टाकलं. पाच दिवसांचा गणपती पोचवल्यावर तिला घेऊन तो मालवणला गेला. तपासणीचा कागद डॉक्टरांनी त्याच्याच हातात दिला. "रक्त जागेवर आहे. अशाच वागल्या तर वर्ग बिनधास्त घ्या म्हणावं."

विश्रामने कागद दोनदा वाचला, घडी घालून आईच्या पिशवीत ठेवला. "ती वाटी मात्र चुकवू नको हां, आये," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच मुंबईच्या गाडीत बसला.

त्या दुपारी कितीतरी दिवसांनी घरात बांगड्याचं तिखलं शिजलं. तुळसा वाडगा घेऊन आली, तर बाईंच्या पानात बांगड्याशेजारी टाकळ्याची वाटी.

"अगो बाये, बांगड्याबरोबर पालो? लाज वाटता तरी काय?"

"वाटता गो," बाई म्हणाल्या आणि वाटी अगदी पुसून घेतली. उद्या शाळेत नव्या अक्षराला सुरुवात होती.