बन्निदी

आम्ही राहतो त्या शहराचं नाव घेत नाही. घेतलं तर नवऱ्याची नोकरी जाईल. ओमानमध्येच, मस्कतहून गाडीने अडीच तास, समुद्राला लागून कारखाने आणि कारखान्यांना लागून आम्ही. मस्कतला अल् खुवैरमध्ये राहणारी माझी नणंद म्हणते, "तुमच्याकडे किती निवांत!" तिने एक हिवाळा इथे काढून दाखवावा.

हिवाळ्याची इथे सगळेच वाट पाहतात. सात-आठ महिने एसीत कोंडून घेतल्यावर डिसेंबरात एसी बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या, यापरतं सुख नाही. मी तर गुहागरकडची. पहाटे उठून आधी दारं-खिडक्या सताड उघडायच्या, रात्रीची शिळी हवा बाहेर काढायची, मग बाकीची कामं, हे माहेरपासून अंगात मुरलेलं. नवरा पाचला कारखान्यात शिफ्टला गेला की मी घरातली एकूण एक खिडकी उघडत असे.

आणि त्याच दिवसांत आमच्या सहा वर्षांच्या लेकीला दम लागायचा. उन्हाळ्यात, वाळूच्या वादळातसुद्धा बरी असणारी पोर थंडी पडली की सकाळी सातच्या सुमाराला छातीतून शिट्टी वाजवायला लागायची. डॉक्टर म्हणाले, "डस्ट अ‍ॅलर्जी है, घर साफ रखिए." माझं घर साफ नाही? अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन पडदे काढले, गालिचा टाकून दिला, रोज सकाळी चादरी बाल्कनीत झटकायला लागले.

तळमजल्यावर घरमालकाची म्हातारी आई राहते. मी बाल्कनीत दिसले की ती अंगणातून हात हलवून ओरडायची, "बन्निदी! बन्निदी!" माझं अरबी यल्ला आणि खलासपुरतं. पण त्यातला 'बंद' मला बरोबर ऐकू आला. चादर झटकणं बंद कर, तुझी धूळ माझ्या अंगणात पडते, असंच ना? नाकाने कांदे सोलते मेली, असं मी मराठीत, हसत हसत तिच्या तोंडावर म्हणायची. पुढे चादरी आतच झटकायला लागले, तरी ती थांबेना. मग मीही हट्टाला पेटले. ती ओरडली की मी बाजूची खिडकी आणखी उघडायची.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका सकाळी लेक नेब्युलायझरचा मास्क लावून सोफ्यावर बसली होती. बेल वाजली. म्हातारी दोन जिने चढून आली होती, धापा टाकत. मला बाजूला सारून ती आत शिरली आणि एकेक खिडकी धाडधाड लावत सुटली. प्रत्येक खिडकीला तेच, "बन्निदी!" शेवटची लावण्याआधी तिने माझं मनगट धरलं आणि बाहेर बोट दाखवलं. कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर वर जातच नव्हता. वारा पडलेला, आणि तो पिवळट थर गच्च्यांच्या उंचीवरून सरकत आमच्या इमारतीपर्यंत आला होता. मग तिने तेच बोट माझ्या पोरीच्या छातीवर ठेवलं.

तीन हिवाळे मी त्याला धुकं समजत होते. धुकं म्हणून त्याच्यासमोर उभं राहून चहा प्यायले होते. म्हातारीकडे बघायचीही लाज वाटली.

संध्याकाळी नवरा आला. त्याला बसूही दिलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"थंडीत सकाळी दहापर्यंत धूर खालीच बसतो. इथे सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तू खिडक्या उघडतेस हे मला कुठे ठाऊक? मी येतो तेव्हा डासांमुळे सगळं बंदच असतं."

"आणि तुम्ही कारखान्यात रोज हवेची नोंद करता, त्या रजिस्टरात या धुराला काय लिहिता?"

तो वाकून बुटाची लेस सोडायला लागला. तसाच म्हणाला, "डस्ट."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी माझे पडदे. मी खूप बोलले त्याला, नको तेही बोलले. पण तक्रार कुणाची आणि कुणाकडे करायची? आपलेच दात, आपलेच ओठ. त्या कारखान्याचा इतका संताप मला आजही येतो की नवऱ्याच्या युनिफॉर्मचे कपडे मी वेगळे धुते.

आता वर्षातल्या सगळ्यात सुंदर महिन्यात सकाळभर आम्ही खिडक्या लावून, एसी लावून बसतो. परवा सकाळी काचेला नाक लावून लेक म्हणाली, "आई, विंडोज ओपन का नाही करत? हे पनिशमेंट आहे? मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस."

"मग कोणी केलं?"

"धुराने," मी म्हणाले. रोज पहाटे खिडकी उघडून तो तिच्या उशाशी कुणी आणून बसवला, ते सांगितलं नाही.