नामदेवावानी

मी गाव सोडलं त्या सकाळी एस.टी.च्या टपावर संत्र्यांच्या पेट्या चढवण्यात अर्धा तास गेला. तेवढा वेळ बाबा माझ्या खिडकीखाली नुसते उभे होते. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून नोकरीसाठी बाहेर पडणारी मी पहिलीच मुलगी. मॅट्रिक झालेली, इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिलेली, मांडीवर पत्र्याची पेटी. आई बसपर्यंत आलीच नाही. ओट्यावरूनच "भेऊ नोको वं" म्हणाली आणि आत गेली. बस सुरू झाली तेव्हा बाबांनी खिडकीचा गज धरला. "साहेब सांगन तसंच लिहिजो. आपल्या मनचं नोको घालू."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी नागपुरात सीताबर्डीला आत्याकडे राहू लागले आणि रोज बसने शहराबाहेर वाडीला जाऊ लागले. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर मला टायपिस्ट म्हणून घेतलं होतं. दिवसभर दारात ट्रक उभे, हमालांचे आवाज, टेबलावर बोटभर धूळ, आणि अख्ख्या ऑफिसात बाई मी एकटी. पहिल्याच आठवड्यात मी "मले" म्हटलं आणि दोघं क्लार्क हसले. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी मी मनात "मला" म्हणून घ्यायची. तुम्हा आपल्याकडच्या मंडळींतले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे सांगायला नको.

बोलणं सुधारलं, इंग्रजी सुधारेना. स्पेलिंग माझं पक्कं होतं, पण एका गोष्टीची तुलना दुसरीशी करायची आली की माझी गाडी अडायची. आपल्याकडे "वानी" म्हटलं की काम भागतं. तिथे 'लाइक' वेगळं, 'अ‍ॅज' वेगळं, 'सेम' आणि 'सिमिलर' आणखी वेगळे. मी 'सेम लाइक' लिहायची, 'मोअर बेटर' लिहायची, आणि साहेब लाल पेन्सिलीने कागद रंगवून परत पाठवायचे. साहेब कलकत्त्याकडचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. हेड ऑफिसला मात्र प्रत्येक कागद इंग्रजीत लागायचा. शेवटी हेडक्लार्क देशकरांना माझी दया आली. "बाई, लाइक हा बोलण्यातला शब्द. चांगल्या इंग्रजीत अ‍ॅज लिहावं," ते म्हणाले. मी ते गाठीशी बांधलं. त्या दिवसापासून माझ्या मशीनमधून 'लाइक' कधी बाहेर पडलाच नाही.

पाचव्या महिन्यात गोदामातून कापडाचा एक गठ्ठा चोरीला गेला. चौकीदार देवाजी, पारशिवनीकडचा म्हातारा, त्याने तिन्हीसांजेला मागच्या भिंतीवरून कुणाला तरी उतरताना पाहिलं होतं. साहेबांनी त्याची जबानी घ्यायला मला बसवलं. देवाजी टोपी हातात घेऊन बोलला, "उजेड कमी होता जी. मले तो नामदेवावानी दिसला." नामदेव आमच्याकडचा हमाल. मी ते मराठीत टिपून घेतलं आणि टाइप केलं, 'आय सॉ हिम अ‍ॅज नामदेव.' देवाजीला इंग्रजी कुठलं वाचता येणार? त्याने अंगठा दिला.

साहेबांनी वाचलं आणि मान हलवली. "मतलब, पहचाना." त्यांनी समासात तसं लिहिलंही. नामदेवला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. सोमवारी कागद पोलिसांकडे जाणार होता.

शुक्रवारी दुपारी नामदेवची बायको आली. ती रडत नव्हती. माझ्या टेबलामागच्या खिडकीखाली देवाजीसमोर उभी राहिली. "बाबाजी, तुमी काहून असं सांगतलं?"

"काय सांगतलं म्या?"

"का नामदेवच होता म्हणून."

"नाही वं माय! म्या नामदेव होता असं कुठं म्हटलं? नामदेवावानी होता म्हटलं."

माझे हात मशीनवरच थांबले. खणातून मी कार्बन कॉपी काढली आणि ते एक वाक्य कितीदा तरी वाचलं. चूक आहे की नाही तेच कळेना. संध्याकाळी बसमध्ये उभ्याउभ्या मी ते आपल्या भाषेत घालून पाहू लागले. चौकीदार म्हणून उभा राहिला. चौकीदारावानी उभा राहिला. पहिला खरा चौकीदार. दुसरा कुणीही असू शकतो. 'अ‍ॅज' म्हणजे 'म्हणून', आणि 'लाइक' म्हणजे 'वानी'. मी देवाजीच्या तोंडी 'म्हणून' घातलं होतं. सीताबर्डीचा स्टॉप मागे गेला तरी मला कळलं नाही.

 त्या रात्री बाबांचं "साहेब सांगन तसंच लिहिजो" आठवत होतं. साहेबांनी तर वाक्य पसंत केलं होतं. मी गप्प राहिले असते तर कुणी मला विचारलं नसतं. प्रोबेशनचा एक महिना उरला होता. गावात आई सगळ्यांना सांगत होती की पोरगी ऑफिसात आहे.

शनिवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. देशकर तिथेच होते. मी सांगितलं की जबानीतला एक शब्द चुकला आहे आणि चूक माझी आहे.

"कौन सा शब्द?"

मी सांगितलं. साहेबांचा आवाज चढला. "हेड ऑफिस को तार चला गया है. अब आप ग्रामर सिखाएँगी?"

मी देशकरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मी फक्त पत्रांबद्दल बोललो होतो," ते म्हणाले. मग तेही नाकारलं. "खरं तर मी असं कधी सांगितलंच नाही."

आता परत फिरायची जागाच उरली नव्हती. "साहब, देवाजी को बुलाइए. आप ही पूछिए."

देवाजी आला. साहेबांनी विचारलं, "वो नामदेव ही था?"

"नाही जी. चाल नामदेवावानी होती. तोंड नाही दिसलं."

 मग साहेबांनी जुना कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांच्यासमोर उभ्यानेच मी नवीन टाइप केला. तो माणूस नामदेवसारखा चालत होता. चेहरा दिसला नाही. तो नामदेवच होता असं मला सांगता येत नाही. या वेळी 'लाइक' लिहिलं, आणि अंगठ्याआधी पूर्ण कागद देवाजीला मराठीत सांगितला.

कागद पोलिसांकडे गेला नाही. दोन आठवड्यांनी नामदेव कामावर परत आला. गठ्ठा कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. नामदेव माझ्याशी कधी बोलला नाही; पहिला कागद मी लिहिला होता एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. महिनाअखेर मला सांगण्यात आलं की माझी गरज उरलेली नाही.

मी गावी गेले. आई आमच्या संत्र्यांच्या बागेत मोटरपंपाजवळ धुणं धूत होती. "काहून काढलं वं तुले?" मी तिला सगळं सांगितलं, साहेब, देशकर, ते दोन शब्द. तिने पिळलेलं लुगडं हातातच धरून ऐकलं. "मंग वानी म्हणजे तोच थोडी असते!" ती म्हणाली, आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं. बाबा बांधावर बसले होते.  तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, नागपूरला परत जाते. बाबांनी पेटी उचलली.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. नागपुरात मी टायपिंग शिकवते, लोकांचे अर्ज लिहून देते. बाग आता भाऊ पाहतो. गावी गेले की मला पाहुणीवानी बसायला खुर्ची देतात, आणि त्या खुर्चीवर माझं मन लागत नाही. पण तुमच्यातलं कुणी दवाखान्याच्या, कचेरीच्या कामाने आलं की माझ्याकडेच उतरतं. स्वयंपाकघरात फतकल मारून सांगू लागतं, "असं झालं ना वं, बाई..." मी मशीनला कागद लावत नाही. चहा ठेवते, सगळं बोलून होऊ देते, अडलं तर पुन्हा विचारते. "मले" म्हणते, कुणी हसत नाही. तासभर कागद कोरा राहतो, आणि तेवढा वेळ मी घरी असते.