तीन नंबरचं मशीन

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. एरवी तिच्यापासून माझं काही लपत नाही — पण ही लपली, आणि इतकी वर्षं लपली की मलाच कधीकधी शंका यायची, हे खरंच घडलं होतं का? तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या मंगळवारी एका मशीननं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला देता येईना.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं छोटं इंटरनेट सेंटर आहे. पाच मशीन होती, आता तीन उरलीत. पूर्वी लोक नुसते नेटवर बसायला यायचे, आता अर्ज भरायला येतात. मंगळवारी तीन नंबरच्या मशीनवर एका दाखल्याचा अर्ज उघडेना. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे’ असं लिहून आलं. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो, तो प्रोग्राम. एक आणि दोन नंबरवर मी तो वेळच्या वेळी नवा करत आलो. तीनवर केला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचो, काही सरकारी साइट जुन्यावरच चालतात. खरं कारण वेगळं — तिथंच यायचंय मला. जरा दमानं येतो.

दुपारी नवी आवृत्ती घातली. उघडल्या उघडल्या तिनं आपली ओळख करून दिली. ‘तुमच्या मागावर असणाऱ्यांना आम्ही अडवतो.’ मला हसू आलं. माझ्या मागावर कोण असणार? पुढच्या पानावर खाजगी खिडकीची माहिती होती — तिच्यात काय बघितलं ते मागं उरत नाही. आणि मग तो प्रश्न. ‘ब्राउझर बंद करताना सगळा इतिहास पुसून टाकायचा का?’ खाली दोन बटणं. हो. आत्ता नको.

मी माऊस धरून नुसता बसलो. एक मशीन माझ्याकडं विसरून जायची परवानगी मागत होतं.

सेंटरच्या भिंतीवर एक पाटी आहे. मीच छापलेली, लॅमिनेशन केलेली. ‘आपण काय पाहता ते येथे साठवले जात नाही.’ लोक ती वाचायचे आणि निर्धास्त बसायचे. ती पाटी खोटी होती. चुकून खोटी राहिलेली नव्हे — मला माहीत असून खोटी.

आमची पेठ दुपारी दीड ते चार झोपते. दुकानं अर्ध्या शटरवर येतात. मी घरी जाऊन जेवून यायचो आणि अर्ध्या शटरच्या आत एकेका मशीनसमोर बसायचो. सकाळपासून कोण काय बघून गेलं, ते एकामागून एक वाचायचो. सुरुवातीला स्वतःला सांगायचो — कुणी वंगाळ काही बघत नाही ना, ते तपासणं माझं काम आहे. आठवड्याभरात त्या कारणाची गरजच उरली नाही. मला ते आवडायला लागलं होतं.

काय काय विचारतात हो माणसं! भावाच्या सहीशिवाय जमीन विकता येते का. सातवीतला मुलगा अजून अंथरूण ओलं करतो, काय करावं. जावई बोलत नाही, काय करावं. पन्नाशीनंतर पोहायला शिकता येतं का. एक बँकेतले साहेब, कधी कुणाशी हसून न बोलणारे — ते रोज अर्धा तास मांजरांची चित्रं बघायचे. दुसऱ्या दिवशी ते रस्त्यात दिसले की मला गंमत वाटायची. त्यांना ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. माणूस एकटा असताना काय विचारतो, हे जाणून घ्यावंसं तुम्हाला नाही वाटत? मला अजून वाटतं. खोटं कशाला बोलू.

आता मुबारकभाईंकडं येतो.

माझ्या समोरच्या बाजूला त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. शर्ट शिवावा तर त्यांनीच. त्यांच्या मापाच्या वहीची पेठेत चेष्टा चालायची, कारण ती कुणाला वाचता यायची नाही — आकडे, आणि शेजारी चांदणी, मासा, छत्री असली चित्रं. लोक म्हणायचे, भाईंची गुप्त लिपी आहे. कापडावर पिनेनं लावायच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव मात्र भाभी लिहायच्या. त्या दुकानात मागं बसून काज-बटणं करायच्या, आणि नावं लिहायच्या. भाभी वारल्या आणि मग आम्हाला दिसलं की भाई कापडाला रंगीत दोरे बांधतायत. लाल दोरा अमक्याचा, निळ्याला दोन गाठी तमक्याचा. एकदा लग्नाच्या गडबडीत दोन गाठींचे तीन गठ्ठे झाले. नवरदेवाची सफारी दुसऱ्याच घरी गेली आणि वरात तासभर थांबली. पेठ महिनाभर हसली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी भाई माझ्याकडं यायला लागले. दुपारी, दीडच्या जरा आधी, गर्दी सरली की. तीन नंबरवरच बसायचे, कारण त्याचा पडदा भिंतीकडं होता. रजिस्टरमध्ये नाव माझ्याकडून लिहून घ्यायचे — “चष्मा दुकानात ऱ्हायलाय बघ” — आणि सही मात्र झोकात करायचे. कानाला हेडफोन लावून अर्धा तास. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

“सुभाष, मी काय बघतोय ते ह्यात ऱ्हातंय काय रं?”

“न्हाई भाई. बंद केलं की सगळं पुसतंय.” मी पाटीकडं बोट केलं. पाटीकडं! त्यांना ती वाचता येत नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासानं ठाऊक झालं, कारण भाई गेले आणि मी तीन नंबरवर जाऊन बसलो.

अ अननसाचा. आ आईचा. लहान पोरांचे व्हिडिओ, गाण्यात म्हटलेले, चित्रांवर बोट ठेवून शोधता येतील असे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. चौथ्या दिवशी इ, ई. पंधरवड्यात क. मी रोज बघायचो, भाई कुठवर आले. मला कौतुकच वाटायचं — हेही खरं आहे. एकदा ते ‘ळ’वर तीन दिवस अडकले, तेव्हा मीच अस्वस्थ झालो. त्यांच्या काउंटरवर खडूनं गिरवलेली अक्षरं दिसायची आणि माझ्याकडं बघून ते पटकन हात फिरवायचे. एके दिवशी माझा शर्ट शिवून आला, तर त्याला दोरा नव्हता. चिठ्ठी होती. तिच्यावर माझं नाव — तीन अक्षरं, वाकडी, एकमेकांपासून लांब लांब उभी. भाई माझ्या तोंडाकडं बघत होते. मी चिठ्ठी खिशात घातली आणि शिलाईचे पैसे मोजले. काय बोलणार? मला काही माहीत नव्हतं ना!

मग मी ते का सांगितलं?

दत्ता नावाचा माझा मित्र आहे, दूध संस्थेत कारकून. सकाळ-संध्याकाळ शंभर माणसं त्याच्यासमोर किटल्या घेऊन उभी असतात, त्यामुळं पेठेतली बातमी त्याला आधी कळते. चहाच्या गाड्यावर तो बोलतो आणि आम्ही ऐकतो. त्या दिवशी मी मध्येच काहीतरी बोललो, तर तो सगळ्यांदेखत म्हणाला, “तू गप रं सुभाष्या. चार भिंतीत उंदीर हलवत बसतोस, तुला काय ठावं असतंय पेठंतलं?”

सगळे हसले. इतकंच झालं. यात अपमान तो काय? इथं माणूस असाच बोलतो, प्रेमानंच बोलतो. पण मला ते लागलं. बाकीचे पांगल्यावर मी दत्ताला बाजूला घेतलं आणि म्हणालो, मला काय ठावं असतं ते ऐक. आणि सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले, तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, “काय बिगरी! आज कुठलं अक्षर?”

बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. पेठेत टोपणनाव चिकटायला एक सकाळ पुरते. दुपारपर्यंत पानवाला म्हणत होता, संध्याकाळी रिक्षावाले. कुणी दुष्टपणानं म्हणत नव्हतं. भाई पहिले दोन दिवस स्वतःही हसले — इथं हसावंच लागतं, नाही हसला तर आणखी चेष्टा होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या दुकानाच्या कडीला पाटी-पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवली. लाल दोऱ्यानं. ती त्यांनी सोडवली आणि हातात धरून उभे राहिले. मी माझ्या काचेतून बघत होतो.

त्या दुपारी ते अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. बसले नाहीत.

“दत्त्याला कसं कळलं असंल रं?” त्यांनी विचारलं. “ह्या मशीनीत ऱ्हात न्हाई म्हणालास न्हवं तू?”

त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंका नव्हती, एवढं मी सांगू शकतो. त्यांना खरंच मशीनबद्दल विचारायचं होतं. तेव्हा बोलायची वेळ होती. एका वाक्याचं काम होतं.

“मशीनीत कायबी ऱ्हात न्हाई भाई,” मी म्हणालो. “घरातल्या कुणाला ठावं हुतं काय?”

“एकट्या शबानाला.”

“मग...”

मी फक्त ‘मग’ म्हणालो. खांदे उडवले. पुढचं त्यांनी स्वतः जुळवलं. शबाना ही त्यांची एकुलती मुलगी, शिरोळला दिलेली. भाईंच्या चेहऱ्यावर ते जुळताना मला दिसलं — आणि मी ते जुळू दिलं.

त्यानंतर ते तीन नंबरवर कधी बसले नाहीत. शबानाला फोनवर काय बोलले ते मला माहीत नाही, पण पुढच्या दोन्ही ईदला ती माहेरी आली नाही, आणि भाईही शिरोळला गेले नाहीत. वर्षभरात दुकान बंद झालं. आता ते एमआयडीसीत एका शेडमध्ये कॉलर शिवतात. दिवसभर नुसत्या कॉलर. तिथं कुणाचं नाव लिहावं लागत नाही.

इथंच थांबलं असतं तरी मी कदाचित गप्पच राहिलो असतो. पण गेल्या वर्षी शबाना सेंटरमध्ये आली. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मी टाइप करत होतो आणि ती शेजारच्या खुर्चीवर बसून बोलत होती.

“आता बोलत्यात अब्बा माझ्यासंगं,” ती म्हणाली. “लई दिवस बोलत नव्हते, काका. तूच सांगितलंस, तूच सांगितलंस, एकच धोशा. मी शपथा घेतल्या, रडले. शेवटी म्हटलं, व्हय अब्बा, माझ्याच तोंडनं गेलं, माफ करा. तवा कुठं शांत झाले.”

“पण तू...” मी म्हणालो.

“मी कुठं सांगतीया कुणाला? मीच तर तुमच्याकडं पाठवलं त्यांना. म्हटलेलं, सुभाषकाकांकडं जावा, ते कुणाचं कुणाला सांगत न्हाईत.” ती हसली. “जाऊ दे. बाप हाय. बोलतोय हे काय कमी हाय?”

अर्जाच्या शेवटी एक चौकोन असतो. ‘वर दिलेली सर्व माहिती खरी आहे.’ मी तिच्या वतीनं त्यात खूण केली, अर्ज पाठवला, पावती छापून तिच्या हातात दिली. बाकी काही केलं नाही.

तर मंगळवारचा तो प्रश्न. हो की आत्ता नको. उत्तर द्यायच्या आधी मी जुना इतिहास उघडला. तीन नंबरचा ब्राउझर मी इतकी वर्षं का बदलला नाही, ते आता सांगतो — भाईंच्या त्या सगळ्या दुपारी तिथं जशाच्या तशा होत्या, आणि नव्या आवृत्तीत त्या जातील अशी मला भीती होती. त्या पुसायचा धीर नव्हता आणि कुणाला दाखवायचाही. पण गेल्या नव्हत्या. नव्या आवृत्तीनं त्या इमानानं उचलून आणल्या होत्या. अ अननसाचा. आ आईचा. ‘ळ’चे तीन दिवस. सगळ्यात शेवटची नोंद होती — ‘जोडाक्षरे, भाग पहिला’. इतके पुढं आले होते भाई. माझ्या लक्षातच नव्हतं की ते इतके पुढं आले होते.

मी ‘हो’ दाबलं. तिन्ही मशीनवर. मग जुनं सगळं पुसायचं बटण शोधलं आणि तेही दाबलं. दोन सेकंद लागले. भिंतीवरची पाटी आता खरी आहे.

पण मग उठता येईना. ती नोंद आता माझ्याशिवाय कुठंच उरली नव्हती, आणि माझ्याकडं तसलं बटण नाही. म्हणून लिहायला बसलो. दत्ताला मी सांगितलं. शबानानं नाही. मशीननंही नाही, त्यानं फक्त साठवलं.

मुबारकभाईंना हे वाचता येणार नाही. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

शबानाला वाचता येतं.