बासरी बंद की उघडी?

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पहिली सतरा वर्षं मी मुलांना एक गोष्ट साफ चुकीची शिकवली. बासरी म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी, असं मी सांगायचे. दिसतं तसंच. वरच्या बाजूला बांबूची गाठ, खालचं टोक मोकळं. पुस्तकात ऑर्गन पाइपच्या आकृत्या असतात, पण तो ऑर्गन मी कधी पाहिला नाही, माझ्या विद्यार्थ्यांनीही नाही. त्यांना समजावं म्हणून मी बासरीचं नाव घ्यायचे आणि बंद नळीच्या आकृतीवर बोट ठेवायचे.

अठराव्या वर्षी बारावीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. काठी गावाच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यावरची; काठीची होळी आमच्या जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. वसतिगृहात राहायची. घरी पावरी भाषा बोलणारी, त्यामुळे मराठीत एकेक शब्द जपून टाकायची.

"मॅडम, बासरी बंद नसते."

"गाठ असते ना वर? मग?"

"गाठ असते. पण आपण फुंकतो ते भोक उघडंच असतं."

"बस खाली," मी म्हणाले. वेळ नव्हता, धडा संपवायचा होता. या दोन शब्दांचा मला आजही संताप येतो.

ती बसली, पण गप्प राहिली नाही. घरी जाऊन आली तेव्हा तिने बांबूची एक नळी आणली होती. एका टोकाला गाठ, गाठीजवळ फुंकायचं भोक, बोटांची भोकं एकही नाही. तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन तिने ती हळू फुंकली. एक सूर निघाला. मग जोरात फुंकली. तोच सूर, पण वरच्या सप्तकात. मग तिने खालच्या टोकावर तळहात दाबून धरला. आवाज धाडकन खाली आला, जवळजवळ एक अख्खं सप्तक, आणि घोगरा झाला. पुन्हा जोरात फुंकलं तर या वेळी वरचा सा नाही, त्याच्याही पुढचा प. लहानपणी मी दोन वर्षं पेटी शिकले होते, तेवढं मला कळलं.

"आता बंद झाली, मॅडम," ती म्हणाली.

उघड्या नळीत पुढचा सूर दुप्पट कंपनसंख्येचा, बंद नळीत एकदम तिप्पट. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. कानाने कधी पडताळलं नव्हतं. ओठातून निघालेला हवेचा झोत भोकाच्या कडेवर आपटतो आणि कधी आत, कधी बाहेर झुलतो. नळीतली हवा त्या झुलण्याला आपल्या लांबीच्या तालावर आणते. भोकापाशी हवा मोकळी येते-जाते, म्हणजे ते नळीचं उघडं टोकच. गाठ त्याच्या मागे आहे, तिचा या हिशेबात फारसा संबंध नाही. ऑर्गनच्या नळीतही असाच झोत आणि अशीच कड असते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "मी चुकले होते, हिचं बरोबर आहे." ती नळी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले, वयाने माझ्याहून मोठे. तोंडी परीक्षेत त्यांनी तिला नेमकं तेच विचारलं.

"बासरी कोणत्या प्रकारची नळी?"

"दोन्ही बाजूंनी उघडी, सर."

"बंद."

"नाही सर. फुंकायचं भोक..."

त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "मॅडम, काय शिकवता यांना?"

"ती बरोबर सांगतेय, सर."

"सर, नळी कपाटात आहे," ती म्हणाली. "वाजवून दाखवू?"

"काठीच्या होळीत वाजव. इथे परीक्षा चालू आहे."

मागे जर्नल घेऊन उभी असलेली दोन-तीन मुलं हसली. ती रडली नाही. "थँक्यू सर" म्हणून बाहेर गेली. त्यांनी तोंडीचा पाचपैकी एक गुण लिहिला.

मुलं गेल्यावर मी कपाट उघडलं, नळी काढली आणि स्वतःच फुंकू लागले. तीनदा नुसती फुसफुस झाली. परीक्षक हसत होते. चौथ्यांदा सूर लागला. हळू, मग जोरात. मग टोकावर तळहात दाबून.

"ऐकलंत?"

"मॅडम, मी पंचवीस वर्षं शिकवतोय."

"मीही सतरा वर्षं हेच शिकवलं. चुकीचं होतं."

"ते तुमचं तुम्ही बघा. इथे सही करा."

मी पेन खाली ठेवलं. "एका गुणावर मी सही करणार नाही."

चूक कुणाकडूनही होते, माझ्याकडून तर सतरा वर्षं झाली होती. पण मुलगी पुरावा दाखवते म्हणत असताना तिला होळी दाखवायची? ती कुठून आली एवढंच त्यांना दिसलं होतं. प्रयोगशाळेचे परिचर दारातून हळूच म्हणाले, "सही करी टाका ना मॅडम, त्यास्नी गाडी चुकी जाई." मग प्राचार्य आले. म्हणाले, "पाहुण्यांना असं बसवून ठेवतात का? तीन करा आणि संपवा." परीक्षकांनी एकावर काट मारली, तीन लिहिले. भाजीवाल्याशी घासाघीस व्हावी तसं. मी सही केली. पाच हक्काचे असताना तीनवर सही केली.

संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी मी तिला सगळं सांगितलं.

"माझं बरोबर होतं ना, मॅडम?"

"हो."

"मग तीन का?"

त्या रात्री मी बोर्डाला पत्र लिहिलं, कोणत्या प्रयोगाने काय सिद्ध होतं ते सविस्तर. उत्तर आलं नाही.

निकालानंतर ती दाखला न्यायला वडिलांना घेऊन आली. बांबूच्या बासऱ्या करतात ते. त्यांना मराठी समजतं, बोलायला आवडत नाही. आधी परीक्षेची हकिगत तिने मला पुन्हा त्यांच्यासमोर सांगायला लावली. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग तिच्याशी पावरीत काहीतरी बोलले.

"बाबा विचारतात," ती म्हणाली, "त्या सरांना एक बासरी पाठवू का? हातात आली की त्यांना कळेल."

"नाही!" मी ओरडले. ऑफिसातले कारकून दचकून बघायला लागले. "त्यांना काही पाठवायचं नाही. एक काडीसुद्धा नाही!"

वडील माझ्याकडे बघत राहिले, जरा घाबरूनच. मग दाखला खिशात घालून दोघं बसस्टँडकडे निघाली. मी स्टाफरूममध्ये येऊन बोर्डाला दुसरं पत्र लिहायला घेतलं. या वेळी प्रयोग दोन ओळींत उरकला. बाकीचं पान 'काठीच्या होळीत वाजव' या एका वाक्याबद्दल होतं.