मृतदेहाने सर्व्हिस लिफ्टच वापरावी

मी आयुष्यात लिहिलेलं एकच वाक्य लोकांनी मन लावून वाचलं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. खालचे मजले आम्हा जुन्या भाडेकरूंचे, वरचे विकलेले. सोसायटी झाली तेव्हा सेक्रेटरी कोण म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला, निवृत्त, रिकामा माणूस. मलाही गुदगुल्या झाल्या. नियमावली हवी होती. परळच्या कुठल्याशा बड्या टॉवरची मेव्हण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवली. मी वरचं नाव बदललं, खाली झोकात सही ठोकली आणि लॉबीतल्या काचेच्या फळ्यावर लावून टाकली. वाचली का? छे! न वाचता सही करण्यावरच तर माझी अख्खी नोकरी झाली होती.

वाचली ती काकीनं. काकी म्हणजे चाळीतली आमची शेजारीण. सत्त्याऐंशी वर्षांची, मूळची मालवणकडची. मला उघडानागडा फिरताना पाहिलंय तिनं, त्यामुळे माझ्या सेक्रेटरीपणाचा तिच्यावर काडीचा परिणाम नाही. एक दिवस तिनं इंटरकॉमवरून फर्मान काढलं, "खाली ये."

ती काठी टेकून फळ्यासमोर उभी होती. बोट सतराव्या नियमावर. तिथे छापलं होतं: सामान, भंगार, राडारोडा, पाळीव प्राणी, कचरा व मृतदेह यांची ने-आण केवळ सर्व्हिस लिफ्टने व मागील गेटने करावी.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे मी मेलंय काय तू माका कुत्र्याच्या आणि कचऱ्याच्या मधी घालून धाडतलस?"

"मधे नाही गं काकी," मी घाईघाईनं म्हणालो, "कचऱ्याच्या नंतर."

माणसाला कधी गप्प बसावं ते कळत नाही, याचा मी चालताबोलता पुरावा. काकीनं काठी उचलली नाही, हे तिचे उपकार.

खरं तर स्वतःच्या मरणाबाबत काकीइतकी समजूतदार बाई मी पाहिली नाही. तिची पिशवी कपाटात तयार आहे: नऊवारी, गंगेचं पाणी, तुळशीची माळ. लाकडं नकोत, विद्युतदाहिनी चालेल, कारण धुरानं मुलाला खोकला होतो. दहाव्याला कावळा शिवला नाही तर वाट बघत बसू नका, "त्याका दुसरी कामा असतत." एवढं सगळं तिनं सोडून दिलंय. धरून ठेवलंय ते एकच. "माझो घोव गेलो तेव्हा तिन्ही मजल्यांची माणसा गॅलरीत उभी रवली होती. सासू गेली तेव्हाय तसाच. माका पुढच्या दारान जावक होया. बस."

मी सारवासारव केली. मेन लिफ्ट लहान आहे, त्यात माणूस आडवा मावणार नाही, तिरडीचं तर नावच नको.

"तिरडी खाली बांधतत, येडपटा. आणि मावत नाय कोण म्हणता? मोजलंस?"

मोजलं नव्हतं. दुपारची वेळ, लॉबीत कुणी नाही, वॉचमन केबिनमध्ये जेवत बसलेला. काकीनं मला मेन लिफ्टमध्ये आडवं व्हायला लावलं. माझं वय अडुसष्ट, उंची साडेपाच फूट, पोट सेक्रेटरीला शोभेल असं. सरळ झोपलो तर पाय बाहेर. कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपलो आणि काय सांगू, फर्मास मावलो. वर चार बोटं जागा उरली.

"हात छातीवर घे. डोळे मीट. नीट मर," काकी म्हणाली. दार तिनं काठीनं अडवून धरलं होतं. ते तिसऱ्यांदा बंद व्हायला आलं तेव्हा काठी निसटली, दार मिटलं, आणि कुणीतरी वरून बोलावलेली लिफ्ट मला घेऊन निघाली.

उठलो का नाही? आमचे गुडघे धरायला काहीतरी मागतात, आणि लिफ्टच्या भिंती गुळगुळीत स्टीलच्या. मी उलथवलेल्या झुरळासारखा हातपाय हलवत होतो. दमलो, म्हणून क्षणभर डोळे मिटून स्वस्थ पडलो, आणि नेमकं तेव्हाच बाविसाव्या मजल्यावर दार उघडलं.

समोर तिथलाच एक तरुण सभासद. पायात पळायचे बूट, कानात ती पांढरी बोंडं. किंचाळला नाही. वाकला नाही, नाडी बघितली नाही, "अंकल" अशी हाकसुद्धा मारली नाही. फोन काढला आणि खाली वॉचमनच्या केबिनला सांगितलं, "सेक्रेटरी अंकल आहेत. एक्स्पायर झालेत बहुतेक. हो, मेन लिफ्टमध्ये. त्यांना सर्व्हिसला शिफ्ट करा ना प्लीज, रूल आहे."

आजवर माझ्यावर अनेकांनी ओरडून घेतलंय. पण त्या 'प्लीज'इतका संताप मला कशाचा आला नव्हता. माझा जीव आहे की गेला हे कळायच्या आत मी चुकीच्या लिफ्टमध्ये आहे हे त्याला कळलं होतं! आणि नियम कुणाचा? माझा. सहीसकट.

"मी मेलेलो नाही!" मी आडव्यानंच गर्जलो. "आणि मेलो तरी याच लिफ्टनं जाणार!"

पुढे उठायला त्याचाच हात धरावा लागला, हे मी सहसा सांगत नाही.

मी नियम सतरा रद्द करायचा ठराव सर्वसाधारण सभेत आणला. तोच तरुण विरोधात उभा राहिला. बोलायला अतिशय सभ्य. लॉबीत मुलं खेळतात, पाहुणे येतात, फ्लॅट बघायला लोक येतात, जरा निगेटिव्ह वाटतं, वगैरे. मी तावातावानं उठलो आणि भलतंच बोलत सुटलो. निगेटिव्ह? अरे, या जागेवर चाळ होती तेव्हा इथं बारशी झाली, लग्नं लागली, आणि माणसं मेलीसुद्धा. तुम्ही काय अमरपट्टा ब्रोशरसोबत घेतलाय? टाळ्या पडतील असं वाटलं होतं. बायकोनं सदरा ओढून खाली बसवलं.

मग तो तरुण काकीकडे वळला, अगदी प्रेमानं. "आजी, पण गेल्यावर माणसाला काय कळतं, कुठल्या दारानं नेलं ते?"

"माका कळाचा नाय, बाळा," काकी म्हणाली. "तुमका कळतला ना."

हात वर झाले, नियम गेला. त्या तरुणानंही हात वर केला, हे मला नाइलाजानं नोंदवावं लागतंय.

पुढच्याच महिन्यात काकी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि पंधरा दिवसांनी तिचा मुलगा तिला चाकाच्या खुर्चीत बसवून टॅक्सीनं घरी घेऊन आला. मी स्वागताला गेटवर. वॉचमननं खुर्ची धरली आणि सवयीनं मागच्या बाजूला वळवली.

"तिकडे कुठे?"

"साहेब, पुढे तीन पायऱ्या आहेत ना. रॅम्प पाठीच आहे. कचऱ्याच्या गाडीसाठी केलेला."

मी त्या संगमरवरी पायऱ्यांकडे पाहत राहिलो. रोज तीन वेळा चढतो मी त्या. मेलेल्यांसाठी भांडून जिंकलो होतो, छाती फुगवून फिरत होतो, आणि जिवंत माणसाला आत यायला कचऱ्याच्या वाटेशिवाय वाट नाही हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मला माझाच असा राग आला की तो काढायला दुसरं कुणीतरी हवं होतं. नेमका पळायचे बूट घातलेला तो तरुण बाहेर निघाला होता.

"इकडे या!" मी ओरडलो. "खुर्ची उचला!"

तो मुकाट्यानं आला. एका बाजूला तो आणि काकीचा मुलगा, दुसरीकडे वॉचमन आणि मी. चौघांनी खुर्ची उचलली. पहिल्या पायरीवर माझी बाजू कलली, काकीनं माझ्या डोक्याचे उरलेसुरले केस धरले.

"सावकाश, रे," ती वरून म्हणाली. "खांदो आजच देऊन मोकळे होवू नकात."

तिला आम्ही पुढच्या दारानं आत नेलं. रॅम्पचा अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला. रॅम्पनं इमारतीचा दर्शनी भाग बिघडेल, असं कमिटीचं मत आहे. या वेळी अर्जाचा शब्द न् शब्द मी स्वतः लिहिलाय, आणि त्यातले बरेचसे कमिटीला असभ्य म्हणून खोडायला लागणार आहेत.