भरवशाच्या टिकल्या

घ्या, आधी चहा घ्या, गार होतोय. तोवर सांगतो माझी ड्यूटी पाण्याच्या माठापाशी का असते ते.

तालुक्याच्या मैदानी स्पर्धा आल्या की बाकीची मास्तर मंडळी शिट्ट्या, घड्याळं, झेंडे घेऊन मिरवतात. आणि मी, वीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस, माठापाशी! बरं, पाणी तरी सुखानं वाटू द्यावं? छे! पहिला पेला मला स्वतःला प्यायला लावतात. हेडसर समोर उभे राहून बघतात, मला ठसका लागतो का. नाही लागला की म्हणतात, "हं, द्या आता पोरांना." काय वाटत असेल हो मला?

पण चूक माझीच. कबूल.

त्याआधी मी स्टार्टर होतो, स्टार्टर! रेषेपाशी हात वर करून पिस्तुलाचा बार काढणारा. आमच्या शाळेचं पिस्तूल म्हणजे एवढंसं, तळहातात मावणारं. गोळीबिळी काही नाही. मागे छोटी वाटी, तिच्यात टिकल्या भरायच्या, घोडा आपटला की ठो! त्या आवाजावर पोरं पळतात. आणि लांब शेवटच्या रेषेपाशी घड्याळवाले बसलेले असतात, ते धूर दिसला की घड्याळ दाबतात. म्हणजे टिकलीनं आवाजही द्यायचा आणि धूरही. अर्धंच काम करणारी टिकली निघाली की घात!

तो घात माझं पिस्तूल गेलं त्याच्या आदल्या वर्षी झाला. माझ्याच हातून. मुलींची आठशे मीटर. मी घोडा दाबला आणि... फुस्स! धूर आला, आवाज नाही. सात जणी धूर बघून सुटल्या. आमच्या शाळेची रविता मात्र जागेवरच, वाकलेली, कान माझ्याकडे. मीच बजावलं होतं ना तिला, "बार ऐकल्याशिवाय हलायचं नाही बरं का!" नाही हलली बिचारी. निघाली तेव्हा बाकीच्या वळणावर पोचल्या होत्या. तरी तिसरी आली! पण जिल्ह्याला पहिल्या दोघीच जातात.

रविता धडगावकडची, डोंगरातली. आमच्या वसतिगृहात राहायची. तिची आई, जेमाबाई, हंगामात नंदुरबारला मिरची वाळत घालायच्या मैदानावर, आम्ही पथारी म्हणतो त्याला, कामाला येते. घरी त्यांची बोली पावरी, आमच्याशी अहिराणी. त्या दिवशी काम अर्धं सोडून ती शर्यत बघायला आली होती. जाताना माझ्याकडे वळली. नुसतं बघितलं आणि गेली. ते बघणं वर्षभर माझ्या पोटात होतं हो.

आणि त्या वर्षी रविता दहावीला. पुढच्या वर्षी ती शाळेतच नसणार. जे व्हायचं ते यंदाच. म्हटलं, टिकली घेईन तर भरवशाचीच!

गेलो हमीदचाचांच्या दुकानात. तिथं बारा महिने फटाके, पतंग आणि नवरदेवाचे फेटे मिळतात.

"चाचा, न चुकता फुटेल अशी टिकली द्या."

"मास्तर, ग्यारंटी तो मैं खुद की भी नहीं देता," चाचा म्हणाले. "पहले ये बताओ, आवाज होना के धुआँ?"

"दोन्ही."

त्यांनी तीन जाती काढून ठेवल्या. रोलच्या टिकल्या: एक फुटते, दोन झोपतात. रिंगच्या: आवाज झकास, धूर नावाला. तिसऱ्या मात्र जुन्या धाटणीच्या, सुट्या, लालभडक, पुठ्ठ्याच्या डबीतल्या. चाचांनी त्यातल्या पाच टिकल्या दगडावर मांडून एकेकीवर तराजूचं वजन आपटलं. तीन फुटल्या. पण फुटल्या त्या अशा फुटल्या की फेटा घालून बघणारा एक नवरदेव फेट्यासकट खाली बसला! आणि धूर? आहाहा! पांढरा, मऊ, हळूच वर जाणारा. मी बघतच राहिलो. चाचांनी खांदा हलवला तेव्हा भानावर आलो.

"ये पिछली दिवाली का माल है, थोडा सील गया. दो दिन धूप दिखाओ. फिर तोप है, तोप!"

सादळलेल्या टिकल्यांना ऊन पाहिजे. आमच्या घरावर कडुलिंबाची सावली. मग नंदुरबारात भरपूर ऊन कुठं? पथारीवर! रविवारी सकाळीच डबी घेऊन तिथं हजर.

तुम्ही हिवाळ्यात आमच्या पथाऱ्या बघितल्यात का कधी? गावाबाहेर जमीन दिसतच नाही, नुसती लाल. नजर जाईल तिथवर मिरची. त्यापलीकडे सातपुड्याची निळी रेघ, अगदी पुसट, ओल्या ब्रशानं ओढल्यागत. चित्रकलेच्या माणसाला तिथं नेऊ नये. तो कामाचा राहत नाही.

"मास्तर, इकडे कसाले उनात?" जेमाबाईनं विचारलं. बायकांच्या घोळक्यात बसून ती मिरचीचे देठ खुडत होती.

"टिकल्या वाळवायला. यंदा रविताचा बार चुकायचा नाही, बघा तुम्ही."

तिनं माझ्याकडे बघितलं. तेच आदल्या वर्षीचं बघणं. "वाळाडा मग," म्हणाली.

पथारीच्या कडेला पेपर अंथरला, वर टिकल्या पसरल्या आणि पोत्याला टेकून बसलो. कोवळं ऊन, बायकांचं गुणगुणल्यासारखं बोलणं, नाकात मिरचीची ऊब. आणि मग काय, लागली ना तंद्री! मोठ्ठं मैदान. मी पांढऱ्या कोटात. हात वर करतो. हजारो माणसं गप्प. ठो! धूर वर चाललाय, हळूहळू, आणि त्याच्याखालून रविता निघालीय. पाय मातीला लागतच नाहीत तिचे. धुराला मी कडेनं जरा केशरी छटा पण दिली. स्वप्नात तरी हात का आखडता घ्या?

डोळे उघडले तर ऊन डोक्यावर. आणि पेपर गायब!

"जेमाबाई! टिकल्या?"

"वारा उना ना मास्तर. पेपर उडी गया. टिकल्या मिरच्यास्मा ग्यात."

आणि मधल्या वेळेत बायांनी मिरची परतलेली! लाल मिरचीत लाल टिकल्या. आता शोधा! मी मटकन खालीच बसलो. बाया मनमुराद हसल्या माझ्यावर. पण डागी मिरची दहा हातांवरून हेरणारे डोळे त्यांचे. देठ खुडता खुडता एकेक टिकली वेचली. दुपार कलली तेव्हा जेमाबाईनं फडक्यात बांधून पुरचुंडी हातात दिली.

"मास्तर, झटकी ल्या बरं. मिरचीनी भुकटी लागेल शे."

"हो हो," म्हणालो. मी कुठला ऐकतोय! माझं लक्ष सातपुड्याच्या रेघेकडे. ती आता जांभळी व्हायला लागली होती.

उजाडला शर्यतीचा दिवस. मुलींची आठशे मीटर. आठ जणी रेषेवर, रविता कडेला, अनवाणी. मांडवात पाहुणे, माईकवर हेडसर, दोरीमागे जेमाबाई. एरवी मी वाटीत चार टिकल्या घालतो. पण आज चूक नको ना! सगळी पुरचुंडीच रिकामी केली वाटीत. दाबून भरली. झटकणं? ते राहिलं पथारीवर.

"जागेवर... तयार..."

ठो!

काय आवाज झाला महाराजा! चाचांनी तोप म्हटलं होतं ते उगाच नाही. लिंबावरचे पक्षी उडाले. धूर निघाला तो अस्सल, भरघोस, आणि कडेनं खरोखर केशरी. मी तोंड वर करून बघत राहिलो. म्हटलं, हेच ते! हेच बघितलं होतं मी!

आणि मग पहिली शिंक. माझी.

तुमच्या घरी कधी एक मिरची चुलीत पडलीय? एकच? अख्खं घर अंगणात येतं की नाही? इथं पथारीवरची भुकटी दारूत पेटलेली! रेषेवरच्या सात जणी खोकत खोकत खाली बसल्या. वारा मांडवाकडे. पाहुण्यांनी गळ्यातला हार नाकाला लावला. हेडसर माईकवर: "खेळाडूंनी शिस्तीत... आक्छी! कुणीही... आक्छी!" घड्याळवाल्यांनी घड्याळं टाकून डोळे धरले.

माझ्या डोळ्यांतून धारा. सगळं मैदान पातळ झालेलं, चित्रावर पाणी सांडावं तसं. आणि त्या पातळ रंगातून एकच पोरगी पळत होती. एकटी. ना खोकला, ना शिंक. लहानपणापासून आईबरोबर पथारीवर वाढलेली ती, तिला कसला ठसका? पाय मातीला लागताना दिसतच नव्हते. शपथेवर सांगतो, मला वाटलं मी अजून पोत्याला टेकूनच बसलोय.

रविता पहिली आली. दुसरी कुणी आलीच नाही!

पण असं कोण जिंकू देतंय? दुसऱ्या शाळेचे एक सर आले, पिस्तूल हुंगलं आणि ओरडले, "मिरची! हा कट आहे!"

हेडसर लालबुंद. ते रागानं की भुकटीनं, कळलं नाही. पिस्तूल हुंगणारे सर मात्र सुटलेच, "तुमचीच शाळा, तुमचीच पोरगी, तुमचीच मिरची! आम्ही काय समजायचं?"

मी खरं ते सांगितलं. खरं सांगितल्यावर तर माणसं जास्तच हसली. निकाल लागला: अर्ध्या तासानं शर्यत पुन्हा. शिट्टीवर. आणि मी दोरीच्या बाहेर.

पुन्हा? ती पोरगी पूर्ण आठशे मीटर पळलेली, बाकीच्या बसून ताज्यातवान्या! दोन वर्षं, दोन्ही वेळा घात करणारा मीच. जेमाबाई रविताच्या पोटऱ्या चोळत होती, तिथं गेलो. म्हटलं, "रविता, माफ कर गं मला." ती दम खात नुसती मान हलवत राहिली.

शिट्टी झाली. पहिल्या वळणावर रविता सहावी. मी दोरी घट्ट धरली. दुसऱ्या फेरीत चौथी. शेवटच्या सरळीत तिसरी, दुसरी... आणि रेषेवर हातभर पुढे! पहिली! चालली जिल्ह्याला!

मी ढसाढसा रडलो. हेडसर म्हणाले, "अजून मिरची?"

"नाही सर, हे खरं आहे."

सगळं शांत झाल्यावर रवितापाशी गेलो. अब्रू गेली होती, पण एक गोष्ट अजून माझी होती ना? बार! म्हटलं, "बाकी काही म्हण, यंदा बार कसला खणखणीत झाला! आला ना ऐकू तुला?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. "नाही सर. मी ऐकलाच नाही."

"अगं, अख्ख्या गावानं ऐकला! मग सुटलीस कशावर?"

तिनं आईकडे बघितलं. वर्षभरानं पहिल्यांदा जेमाबाई माझ्याकडे बघून हसली.

"मी सांगेल व्हतं तिले, मास्तर. म्हनलं, मास्तरनी बंदूकना भरोसा नको धरू. तुम्ही टिकल्या झटकत नहीत, माले माहीत व्हतं. तू कान बंद ठेव म्हनलं, आन् लोके खोकलाले लागनात की सुट, पय!"