दोन फटक्यांचा दंड

“सांगा शेठ, चेंडू वारुळाशेजारी पडलाय आणि वारुळातून नाग डोकावतोय. काय कराल?”

“पळून जाईन.”

“चूक!” काकांची दोन बोटं वर. “चेंडू उचलायचा, लांब सुरक्षित जागी टाकायचा, तिथून खेळायचं. दंड नाही. नागाची सोय नियमात आहे, पळणाऱ्याची नाही.”

नमस्कार नाही, चमत्कार नाही, काका हे असे सुरू व्हायचे. चष्मा कपाळावर, टोपी खिशात, आणि समोरचा चुकला रे चुकला की दोन बोटं वर. दोन बोटं म्हणजे दोन फटक्यांचा दंड. चुकणाऱ्यानं चहा पाजायचा. काका नियम सांगता सांगता चहा पिऊन मोकळे व्हायचे आणि वर म्हणायचे, “अभ्यास वाढवा.”

मी काही जातिवंत गोल्फवाला नव्हे हो. ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस. डॉक्टर म्हणाले, चाला. एकटा चालायला कंटाळायचो, म्हणून मेव्हण्यानं गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या गोल्फच्या मैदानावर नेऊन सोडलं. आमच्या मखमलाबादच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी झाडोऱ्यात चेंडू हुडकायला जातो. खोटं नाही ते, अर्धा वेळ तेच चालतं.

काका, म्हणजे मैदानावर सगळ्यांचेच काका, सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. “जन्मभर नटबोल्टमधली खोट काढली, आता माणसांतली काढतात,” असं काकूच म्हणायच्या. खेळ त्यांचा बेताचाच. पण नियम विचारा, झोपेतून उठून सांगतील.

आता तुम्ही गोल्फ खेळत नसाल तर एवढंच लक्षात घ्या. या खेळात तुमच्या मागं पंच फिरत नाही. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि आपली चूक आपणच सांगून आपल्याच नावावर दंडाचे फटके चढवून घ्यायचे. आपल्याकडे पोलीस नसला तर सिग्नलला कोण थांबतं सांगा? काका थांबायचे. भल्या सकाळी रिकाम्या गंगापूर रोडवर लाल दिव्याला गाडी उभी. मागचा हॉर्न वाजवायला लागला की खिडकीतून दोन बोटं बाहेर.

त्यांचा एक प्रश्न मात्र वेगळा होता. मैदानावर नवा माणूस आला की तो त्याला विचारायचेच, आणि विचारताना हसायचे नाहीत.

“चेंडू वाळूच्या खड्ड्यात आहे. त्याला टेकून वाळकं पान. ते उचलाल?”

एकदा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी पटकन म्हणाली, “उचलेन की! त्यात काय एवढं?”

“बरोबर,” काका म्हणाले. “आता चालतं.” आणि चहा न पिताच उठून गेले. उत्तर बरोबर आलं तर माणसाचं तोंड एवढं पडेल का?

कोडं उलगडलं ते काकूंकडून. काकांना घरी सोडायला गेलो होतो, ते आत कपडे बदलत होते, आणि काकूंनी मेथी निवडता निवडता सगळं सांगितलं.

काकांचा एक जिवाचा मित्र होता. सिन्नरचे वकील. दर रविवारी दोघं एकत्र खेळायचे, एकाच डब्यातलं खायचे, परत येताना भांडायचे. एका वर्षी मैदानावरच्या मोठ्या स्पर्धेत वकील जिंकायला आले होते. शेवटी चेंडू वाळूत गेला. चेंडूमागं करंजाचं वाळकं पान होतं. वकिलांनी ते बोटानं उडवलं आणि चेंडू सुरेख बाहेर काढला. तेव्हाच्या नियमात वाळूतलं पान हलवायला बंदी होती. पाहिलं ते फक्त काकांनी.

“हे वाट बघत राहिले,” काकू म्हणाल्या. “त्यानं आपण होऊन सांगावं म्हणून. तो गप्प. मग यांनी सगळ्यांदेखत दोन बोटं वर केली.”

वकिलांच्या नावावर दोन फटके चढले आणि बक्षिसाची ढाल गेली. वकील एवढंच म्हणाले, “मला नियम माहीत नव्हता. एका पानासाठी तू मला चोर ठरवलंस.” त्यानंतर त्यांनी मैदानाचं तोंड पाहिलं नाही, काकांचं तर नाहीच.

आणि मग काही वर्षांनी नियम बदलले. वाळूतलं पान खुशाल उचला म्हणाले. काकू म्हणाल्या, “ते वाचलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणे, त्याला खरंच माहीत नसेल तर? मी माझा माणूस कशासाठी घालवला?”

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी काकांना म्हणालो, “बसा गाडीत. सिन्नरला जायचंय.”

“कशाला?”

“ड्रिपची साइट बघायला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग निमूट टोपी घातली. वाटेत थांबवून चिवडा घेतला, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. म्हणजे कळलं होतं त्यांना. एरवी गाडीत तोंडाचा पट्टा चालू असायचा, त्या दिवशी शिंदे-पळसे गेलं, मोहदरीचा घाट गेला, माणूस आपला मांडीवरची चिवड्याची पुडी सांभाळत होता.

वकील ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेलेले, हातात काठी. काकांना बघून उठले नाहीत, पण काठी बाजूला ठेवली.

“नियम बदलला रे,” काका म्हणाले.

“माहितीय. वाचलं होतं.”

“मग फोन नाही करायचास?”

“तू करशील म्हणून थांबलो.”

काकांनी चिवड्याची पुडी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, “चुकलो मी. तुला माहीत नव्हतं, आणि मी...” वकिलांनी त्यांचा हात धरला आणि आत हाक मारली, “अगं, चहा टाक. नाशिकचं लचांड आलंय!”

पुढचे काही महिने काय सुखाचे गेले म्हणून सांगू! मी रविवारी सकाळी सिन्नरहून वकिलांना आणायचो. ते बॅटरीच्या गाडीत बसून राहायचे आणि काकांच्या प्रत्येक फटक्याला नावं ठेवायचे. नव्या नियमात चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा असतो. काका तो टाकायला वाकले की वकील ओरडायचे, “वाकलास तर खरा, उठशील का?” हसून हसून काकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. पानाचा प्रश्न त्यांनी नंतर कुणालाच विचारला नाही.

थंडी सरता सरता काका गेले. संध्याकाळी फिरून आले, छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. मैदानावर आता मला कुणी काही विचारत नाही. चेंडू कुठं तरी भलत्याच जागी पडतो, मी इकडंतिकडं बघतो, आणि मग आपलं आपणच काहीतरी ठरवून टाकतो. फार आठवण येते हो. त्या चहापायी मी वैतागायचो, आता आयुष्यभर पाजायला तयार आहे.

दहावा-तेरावा उरकल्यावर वकिलांनीच फोन केला. म्हणाले, मैदानावर घेऊन चल. आम्ही गेलो. त्यांनी गाडी शेवटच्या वाळूच्या खड्ड्याशी थांबवायला लावली. त्र्यंबकच्या बाजूनं गार वारा सुटला होता. ते वाळूकडं बघत बसले.

“मला माहीत होता,” ते एकदम म्हणाले.

“काय?”

“नियम. पान उडवलं तेव्हा मला पक्का माहीत होता. त्यानंच तर शिकवला होता.”

माझं डोकंच फिरलं. “मग त्या दिवशी सांगायचं ना, वकीलसाहेब! त्यांनी तुमच्या दारात येऊन माफी मागितली!”

“तेच तर,” वकील म्हणाले. “उभ्या जन्मात पहिल्यांदा तो मला चुकलो म्हणाला. मला ते सोडवेना रे. म्हटलं, सांगू नंतर. सांगितलं असतं ना, तर महिनाभर डोक्यावर मिरे वाटले असते त्यानं.”

उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाले,

“वाटू द्यायला हवे होते.”